बुर्सा पाहण्याआधी खुलताबाद पाहा : आभाळाखालच्या दोन कबरी आणि एक रिकामा मकबरा

गेल्या काही वर्षांत आपल्या घराघरांत तुर्की पोहोचली ती मोबाइलवरच्या मालिकांमधून. ‘एर्तुग्रुल’ पाहिलेली मुलं वर्गात विचारतात, “मॅडम, उस्मान गाझींची कबर कुठे आहे? ते शहर अजून आहे का?” उमराहच्या पॅकेजमध्ये परतीच्या वाटेवर तीन-चार दिवस तुर्की जोडून देणारे टूरवालेही वाढले. नागपूर, अमरावती, वर्धेकडची काही कुटुंबं जाऊनही आली. बहुतेकांनी इस्तंबूल पाहिलं, फोटो काढले आणि परतले. पण उस्मान गाझी इस्तंबूलमध्ये नाहीत. ते आहेत बुर्सा या शहरात.

हे बुर्सा कसं आहे, तिथं गेल्यावर काय पाहायचं आणि कसं पाहायचं, हे या लेखात समजून घेऊ. सोबत आणखी एका गावाविषयी सांगायचं आहे. ते परदेशात नाही, आपल्याच महाराष्ट्रात आहे. आपण त्याचं नाव रोज ऐकतो, पण ते नीट पाहिलेलं नसतं. ते गाव म्हणजे खुलताबाद.

बुर्सा : जिथून उस्मानी सल्तनत उभी राहिली

उस्मान गाझींचे पुत्र ओरहान यांनी १३२६ मध्ये बुर्सा जिंकलं आणि ते उस्मानी राज्याचं पहिलं मोठं राजधानीचं शहर बनलं. इस्तंबूल त्यांच्या हाती आलं १४५३ मध्ये, म्हणजे सव्वाशे वर्षांनी. म्हणून २०१४ मध्ये युनेस्कोने बुर्सा आणि जवळचं जुमालिकिझिक हे खेडं जागतिक वारसा यादीत घेतलं, तेव्हा त्याची ओळखच ‘उस्मानी साम्राज्याचा जन्म’ अशी दिली.

शहर उलुदाग नावाच्या डोंगराच्या पायथ्याशी आहे. हिवाळ्यात वर बर्फ असतो आणि खाली गरम पाण्याचे झरे, त्यामुळे हमामखान्यांची परंपरा जुनी आहे. टोपहाने भागात उस्मान आणि ओरहान या बाप-लेकांचे मकबरे शेजारी-शेजारी आहेत. १८५५ च्या मोठ्या भूकंपात जुन्या इमारती पडल्या. आज दिसतात त्या त्यानंतर पुन्हा उभारलेल्या. एर्तुग्रुल गाझींची कबर मात्र बुर्सात नाही, ती सोगुत या लहान गावात आहे. मुलांना हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

शहर बांधायची पद्धत : कुल्लिये आणि वक्फ

उस्मानी शहर समजून घ्यायचं असेल तर एक शब्द लक्षात ठेवावा : कुल्लिये. अरबीतल्या ‘कुल’, म्हणजे सगळं, या शब्दापासून तो आला. सुलतान किंवा वजीर नुसती मशीद बांधत नसे. मशिदीभोवती मदरसा, गरिबांसाठी आणि मुसाफिरांसाठी लंगरखाना, हमाम, पाण्याचा हौद आणि शेवटी बांधणाऱ्याची कबर असा सगळा संच उभा राही. त्याभोवती वस्ती वाढे आणि मोहल्ला तयार होई. ओरहान यांनी बुर्सात १३३९ च्या सुमारास मशीद बांधली तेव्हा सोबत लंगरखाना, हमाम आणि व्यापाऱ्यांसाठी सराई बांधली.

या सगळ्याचा खर्च चालायचा कसा? वक्फमधून. बुर्सातली कोझा हान ही दोन मजली सराई पाहा. सुलतान बायजीद दुसरे यांनी ती १४९१ मध्ये बांधली. ‘कोझा’ म्हणजे रेशमाचा कोष. इथं कोषांचा आणि रेशमाचा व्यापार चाले आणि दुकानांचं भाडं जाई इस्तंबूलमधल्या त्यांच्या मशिदीला आणि मदरशाला. म्हणजे एका शहरातल्या बाजारावर दुसऱ्या शहरातले विद्यार्थी शिकत होते. आजही तिथं रेशमी रुमाल आणि ओढण्यांची दुकानं आहेत. मधल्या चौकात खांबांवर उचललेली छोटी मशीद आहे, खाली पाण्याचा हौद आहे आणि झाडांखाली लोक चहा पीत बसलेले असतात.

आपल्याकडे सध्या वक्फ हा शब्द बातम्यांत आणि कोर्टाच्या तारखांतच ऐकू येतो. मुलांना वाटतं, वक्फ म्हणजे जमिनीचं भांडण. त्यांना वक्फ डोळ्यांनी दाखवायचा असेल तर बुर्सापर्यंत जायची गरज नाही. छत्रपती संभाजीनगरची (औरंगाबादची) पाणचक्की दाखवा. डोंगरातलं पाणी मातीच्या नळांतून शहरात आणलं, उंचावरून सोडलं आणि त्याच्या जोरावर पिठाची चक्की फिरवली. ते पीठ बाबा शाह मुसाफिर यांच्या खानकाहमधल्या फकिरांसाठी, विद्यार्थ्यांसाठी आणि मुसाफिरांसाठी असे. मशीद, मदरसा, हौद, दर्गा सगळं एकाच आवारात. याला तुर्कस्तानात कुल्लियेच म्हटलं असतं. महाराष्ट्र राज्य वक्फ मंडळाचं कार्यालयही इथंच आहे.

उलू जामी : वीस घुमटांची मशीद

बुर्साच्या मध्यभागी उलू जामी, म्हणजे मोठी जामा मशीद, आहे. बायजीद पहिले यांनी १३९६ च्या निकोपोलिसच्या लढाईनंतर ती बांधायला घेतली आणि चौदावं शतक संपता-संपता ती पूर्ण झाली. तिथं सांगतात की सुलतानाने विजय मिळाला तर वीस मशिदी बांधायची मन्नत मानली होती. मग वीस मशिदींऐवजी वीस घुमटांची एकच मशीद उभी राहिली. कथा खरी असो-नसो, घुमट मोजले तर वीसच भरतात.

आत गेल्यावर दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, भिंतींवरची आणि खांबांवरची खत्ताती. अक्षरं एवढी मोठी आहेत की उर्दू वाचणारं आपलं मूलही काही शब्द ओळखू शकतं. दुसरी, मशिदीच्या आतच असलेला वुजूचा हौद. त्याच्या वरच्या घुमटाचा माथा मुळात उघडा होता, आता त्यावर काच आहे. या हौदाचीही एक दंतकथा आहे. एक बाई आपली जागा मशिदीसाठी विकायला तयार नव्हती. पुढे जागा मिळाली तरी, जिची मर्जी नव्हती तिच्या जमिनीवर सजदा कसा करायचा, म्हणून तिथं हौद केला. दंतकथा म्हणूनच ऐका. पण मुलांना ती जरूर सांगा, त्यातली शिकवण मोठी आहे.

याच मशिदीचे इमाम सुलेमान चेलेबी यांनी १४०९ मध्ये प्यारे नबी (स.) यांच्या जन्मावर तुर्की भाषेत एक लांब काव्य रचलं. तुर्कीत त्याला ‘मेवलिद’ म्हणतात आणि सहाशे वर्षं झाली तरी ते पढलं जातं. आपल्याकडे मिलाद पढतात, तसंच. शहराच्या दुसऱ्या परंपराही जिवंत आहेत. पडद्यामागून चामड्याच्या बाहुल्या नाचवून दाखवायचा कारागोझ आणि हाजिवात यांचा खेळ बुर्साचाच मानतात. ‘इस्कंदर कबाब’ इथलाच आणि चेस्टनटची मिठाईही इथलीच.

थोडं पूर्वेला येशिल जामी, म्हणजे हिरवी मशीद, आणि येशिल तुर्बे, म्हणजे हिरवा मकबरा. १४०२ मध्ये तैमूरने बायजीदला हरवलं, कैद केलं आणि बुर्सा लुटलं. दहा-अकरा वर्षं भावाभावांत लढाया झाल्या. त्यातून राज्य पुन्हा सावरलं ते मेहमेद पहिले यांनी. हिरवी मशीद त्यांची, आणि १४२१ चा हा मकबराही त्यांचाच. आठ बाजूंच्या इमारतीवर निळसर-हिरव्या टाइल्स आहेत. इथल्या टाइल्स नुसत्या सजावटीच्या नाहीत. पडलेलं घर पुन्हा उभं केल्याचा आनंद त्यात आहे.

मुरादिया : पावसासाठी उघडा ठेवलेला घुमट

बुर्सात वेळ कमी असेल तर बाकी काही सोडा, पण मुरादिया सोडू नका. जुनी झाडं, बाग आणि त्यात शाही घराण्याचे बारा मकबरे. शहजाद्यांच्या मकबऱ्यांत रंगीत टाइल्स, नक्षी, सगळं आहे. पण ज्यांच्या नावाने ही जागा आहे, त्या सुलतान मुराद दुसरे यांचा मकबरा सगळ्यांत साधा आहे. ते वारले १४५१ मध्ये. इस्तंबूल जिंकणारे मेहमेद फातिह हे त्यांचेच पुत्र.

मुराद यांनी वसियत केली होती की माझी कबर साधी असावी, शेजारी दुसऱ्या कुणाला दफन करू नये आणि वरचा घुमट उघडा ठेवावा, म्हणजे अल्लाहच्या रहमतीचा पाऊस माझ्या मातीवर पडेल. आजही घुमटाच्या माथ्यावर गोल मोकळी जागा आहे. खाली संगमरवराच्या चौकटीत नुसती माती. पाऊस आला की थेट कबरीवर पडतो.

ही कबर पाहताना महाराष्ट्रातल्या माणसाला दुसरी एक कबर आठवायला हवी.

खुलताबाद : डोंगरावरचं आपलं बुर्सा

संभाजीनगरहून दौलताबादचा घाट चढून गेलं की साधारण पंचवीस किलोमीटरवर खुलताबाद लागतं. पुढे चार-पाच किलोमीटरवर वेरूळची लेणी. शाळांच्या सहली दौलताबादचा किल्ला बघतात, वेरूळ बघतात आणि मधल्या खुलताबादच्या वेशीवरून बस तशीच पुढे जाते. आपल्या समाजाच्या शाळांच्या बसही.

योगायोग बघा. ओरहान बुर्सात शिरले १३२६ मध्ये आणि लगेच पुढच्या वर्षी, १३२७ मध्ये, दिल्लीत मुहम्मद तुघलकाने राजधानी देवगिरीला, म्हणजे दौलताबादला, हलवायला सुरुवात केली. त्या लोंढ्यात दिल्लीहून सूफी, आलिम, शायर दख्खनमध्ये आले. हजरत निजामुद्दीन औलियांचे मुरीद बुरहानुद्दीन गरीब हे त्यातले एक मोठे नाव. त्यांचे बंधू मुंतजिबुद्दीन, ज्यांना आपण जर-जरी-जर-बख्श म्हणतो, ते त्याआधीच इथं होते. पुढे जैनुद्दीन शिराजी आले. निजामुद्दीन औलियांचे बोल ज्यांनी ‘फवाइद-उल-फुआद’ या ग्रंथात लिहून ठेवले, ते अमीर हसन सिज्जी इथंच दफन आहेत. बुऱ्हाणपूर शहराचं नाव बुरहानुद्दीन यांच्यावरूनच पडलं.

आपल्या वर्धा जिल्ह्यात गिरडच्या डोंगरावर बाबा फरीदांच्या नावाचा दर्गा आहे. तिथं हिंदू-मुस्लिम दोन्ही घरांतली माणसं जातात, ते कुणाला नवीन नाही. बाबा फरीद हे निजामुद्दीन औलियांचे पीर आणि निजामुद्दीन हे बुरहानुद्दीन यांचे. म्हणजे गिरडला जाणाऱ्या माणसाला खुलताबादचा सिलसिला आधीच माहीत आहे, फक्त त्याचं नाव सांगायला हवं.

सूफींच्या पायाशी जागा मिळावी म्हणून राजेही इथं आले. आसफजाही घराण्याचा संस्थापक निजाम-उल-मुल्क बुरहानुद्दीन यांच्या आवारात आहे. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान तानाशाह इथंच आहे. आणि आहे मलिक अंबर. हबशांच्या मुलखात जन्मलेलं, गुलाम म्हणून विकलं गेलेलं पोर निजामशाहीचा वजीर झालं. त्याने १६१० मध्ये खडकी शहर वसवलं, म्हणजेच पुढचं औरंगाबाद, आणि त्याला नहरींचं पाणी दिलं. १६२६ मध्ये तो वारला. त्याचा भक्कम दगडी मकबरा इथं आहे. आपल्या मुलांनी मलिक अंबरचं नाव पाठ्यपुस्तकात वाचलेलं असतं, त्याची कबर मात्र पाहिलेली नसते.

आणि जैनुद्दीन शिराजी यांच्या आवारात औरंगजेबाची कबर आहे. तो ३ मार्च १७०७ रोजी अहमदनगरला वारला आणि त्याच्या इच्छेप्रमाणे त्याला इथं आणलं. वर छत नाही, घुमट नाही. उघड्या आभाळाखाली माती, त्यावर सब्जाचं रोप. टोप्या शिवून मिळालेल्या थोड्या पैशांत ही कबर झाली, असं परंपरेने सांगतात. भोवतीची संगमरवरी जाळी मूळची नाही. ती लॉर्ड कर्झनच्या सूचनेवरून नंतर निजामाने बसवली.

बुर्सातले मुराद आणि खुलताबादचा औरंगजेब यांच्यात अडीचशे वर्षांचं आणि हजारो किलोमीटरचं अंतर आहे. तरी दोघांनी मागितलं एकच : माझ्यावर छत घालू नका. राज्य करताना दोघांनीही लढाया केल्या, मरताना दोघांनाही पावसाची आणि मातीची आठवण झाली. दोन्ही शहरं बघायची ती यासाठी.

मार्च २०२५ नंतर

हे लिहिताना एक गोष्ट टाळता येत नाही. मार्च २०२५ मध्ये ही कबर हटवण्याची मागणी झाली, आंदोलनं झाली आणि १७ मार्चला नागपुरात हिंसाचार झाला. नागपूर आपल्यापासून पाऊण-शंभर किलोमीटरवर. आपल्या कित्येकांचे नातेवाईक तिथं राहतात. ते दिवस घराघरांत कसे गेले, ते सगळ्यांना माहीत आहे. तेव्हापासून अनेक मुलांना खुलताबाद म्हणजे टीव्हीवरची भांडणं, एवढंच ठाऊक आहे.

मुलांना दोन गोष्टी एकत्र सांगता आल्या पाहिजेत. छत्रपती संभाजी महाराजांच्या हत्येची वेदना महाराष्ट्राच्या मनात खरी आहे. आपणही याच महाराष्ट्राचे आहोत, त्यामुळे ती आपल्यालाही समजली पाहिजे. कुणा बादशहाचा वकील व्हायची आपल्याला गरज नाही. आणि त्याच वेळी ही कबर भारतीय पुरातत्त्व खात्याने संरक्षित केलेलं स्मारक आहे, कायद्याने देशाची ठेव आहे. संभाजीराजांचे पुत्र छत्रपती शाहू महाराज मुघलांच्या कैदेतून सुटल्यावर या कबरीपाशी जाऊन आले, असं इतिहासकार नोंदवतात. ज्यांच्या वडिलांचा जीव घेतला गेला त्यांनी हे केलं. इतिहास समजून घेण्यासाठी एवढं उदाहरण पुरे आहे.

आणि मुख्य म्हणजे खुलताबाद एका कबरीचं गाव नाही. सूफी, शायर, वजीर, आलिम अशा कितीतरी माणसांचं ते गाव आहे. एकाच नावापायी आपणही ते विसरलो, तर बाकीच्यांची आठवण ठेवणार कोण?

खलिफासाठी बांधलेला रिकामा मकबरा

उस्मानी इतिहासाचा शेवटचा धागा तर थेट खुलताबादलाच येऊन थांबतो. १९२२ मध्ये तुर्कीत सुलतानपद रद्द झालं आणि अब्दुलमजीद दुसरे हे फक्त खलिफा म्हणून नेमले गेले. मार्च १९२४ मध्ये खिलाफतही संपवली गेली आणि त्यांना कुटुंबासह देश सोडावा लागला. हा माणूस चांगला चित्रकार होता. फ्रान्समधल्या नीस शहरात ते राहू लागले. हैदराबादचे निजाम मीर उस्मान अली खान यांनी त्यांना दरमहा मदत सुरू केली. १९३१ मध्ये नीसमध्येच खलिफांची मुलगी दुर्रूशहवार हिचा निकाह निजामांचे थोरले पुत्र आझम जाह यांच्याशी झाला. हैदराबादच्या पुरानी हवेली भागात त्यांच्या नावाचं मुलांचं हॉस्पिटल आजही आहे.

त्या काळी खुलताबाद हैदराबाद संस्थानात होतं. निजामांनी खलिफांसाठी तिथं तुर्की धाटणीचा मकबरा बांधवला. खलिफा १९४४ मध्ये पॅरिसमध्ये वारले. तुर्कीने दफनाला परवानगी दिली नाही. मय्यत जवळपास दहा वर्षं पॅरिसच्या मोठ्या मशिदीत ठेवलेली होती. मधल्या काळात, १९४८ मध्ये, हैदराबाद संस्थान भारतात विलीन झालं. शेवटी १९५४ मध्ये खलिफांना मदीना शरीफला दफन केलं गेलं. खुलताबादचा मकबरा रिकामाच राहिला.

ज्या खिलाफतीसाठी आपल्या पणजोबांच्या पिढीने सभा घेतल्या, वर्गण्या दिल्या, तिची ही अखेर. डिसेंबर १९२० मध्ये नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनात गांधीजींच्या असहकाराचा ठराव पक्का झाला. त्यात खिलाफतीचा प्रश्न मोठा होता. त्या अधिवेशनाच्या स्वागत समितीचे अध्यक्ष होते आपल्या वर्ध्याचे जमनालाल बजाज. म्हणजे हा रिकामा मकबरा दूरच्या कुणा सुलतानाची गोष्ट नाही, त्यात वर्ध्याचाही थोडा वाटा आहे.

जाणाऱ्यांसाठी

वर्ध्याहून खुलताबाद : समृद्धी महामार्गाने गाडी केली तर संभाजीनगर पाच-सहा तासांत येतं. दोन दिवस ठेवा. पहिल्या दिवशी पाणचक्की आणि दौलताबाद, दुसऱ्या दिवशी सकाळी खुलताबाद आणि नंतर वेरूळ. वेरूळ वगळू नका. डोंगर एकच आहे आणि मुलांनी दोन्ही बघितलं पाहिजे. रबी-उल-अव्वलमध्ये उर्स आणि पैराहन-ए-मुबारकच्या जियारतीसाठी फार गर्दी असते. शांतपणे बघायचं असेल तर दुसरे दिवस निवडा. पावसाळा सरताना डोंगर हिरवा असतो. बंदोबस्त असतो, म्हणून मोठ्यांनी ओळखपत्र जवळ ठेवावं. रिल्स, घोषणा, कबरीपाशी वाद, हे काही नको. मुलांना गाडीतच समजावून सांगा.

बुर्सा : भारतीय पासपोर्टवर तुर्कीचा ऑनलाइन ई-व्हिसा सगळ्यांना मिळत नाही. अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड किंवा शेंगेन देशांचा चालू व्हिसा असेल तरच तो मिळतो, नाहीतर व्हिसा केंद्रात अर्ज करावा लागतो. पॅकेज घेताना हे विचारा. मे २०२५ नंतर भारतातल्या बऱ्याच टूर कंपन्यांनी तुर्कीचं बुकिंग थांबवलं होतं, त्यामुळे पैसे भरण्याआधी सध्याची स्थिती तपासा. इस्तंबूलहून बुर्सा बसने किंवा बोटीने दोन-तीन तासांत होतं. पण सकाळी जाऊन संध्याकाळी परत आलात तर मुरादिया राहून जाईल. एक रात्र मुक्काम करा.

दोन्ही ठिकाणचे आदाब एकच आहेत. कबरीवर पाय पडू नये, आवाज खाली असावा, सजदा फक्त अल्लाहला. कुणी फातिहा पढेल, कुणी सलाम करून पुढे जाईल, त्यावरून घरच्यांत वाद नको. कबरी पाहिल्याने आखिरत आठवते, म्हणून प्यारे नबी (स.) यांनी जियारतीला परवानगी दिली, यावर तर सगळ्यांचं एकमत आहे.

शिक्षकांना आणि पालकांना एक विनंती. मुलांना नुसतं फिरवून आणू नका. जाण्याआधी प्रत्येकाला एक नाव द्या : कुणाला मलिक अंबर, कुणाला बुरहानुद्दीन गरीब, कुणाला अमीर हसन, कुणाला खलिफा अब्दुलमजीद. परतल्यावर त्या माणसावर मराठीत किंवा उर्दूत एक पान लिहायला सांगा. यंदा शाळेची सहल वेरूळला निघालीच, तर मुख्याध्यापकांना एवढंच म्हणा : सर, बस खुलताबादला दोन तास थांबवू या.